लाल ठिपका

पापडी गावात त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. संध्याकाळी सात वाजले की गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी तो शटर अर्धं खाली ओढायचा. मला ते काही बरं वाटेना. तांब्याच्या तारेसाठी हे लोक चांगली मोटर काढून जुनी बसवतात, असं ऐकलं होतं. म्हणून मिक्सर देण्याआधी मी आतल्या मोटरीला बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका लावला.

आणायला गेलो तर नेमके सात वाजले. शटर खाली आलं. मी सरळ वाकून आत पाहिलं. त्याच्या हातात जपमाळ होती. समोरच्या मोबाइलवर घरून त्याची बायको आणि कॅनडातून मुलगी. तिघं मिळून रोझरीची प्रार्थना म्हणत होती.

मी मान बाहेर काढली, पण संशय जाईना. प्रार्थना करणारा मोटर बदलत नाही, असं थोडंच आहे?

वीस मिनिटांनी शटर वर गेलं. त्याने मिक्सर चालवून दाखवला, पिशवीत घातला आणि हसून म्हणाला, "मोटर तुमचीच हाय. ठिपका पुसला नाय मी. घरी जाऊन शोधाल ना!"

मी ओशाळून निघालो.

घरी आल्यावर तरीही स्क्रू काढलेच.