हगवणीच्या दिवसांतली आत्या

आमच्या आत्याचं लक्ष वेधून घ्यायचं असेल तर माणसाला निदान कणकण तरी हवी. धडधाकट माणसात तिला रस नाही. तुम्ही हसतमुखाने दारात उभे राहिलात तर ती "बरा आहेस ना?" म्हणून विचारते, आणि "हो" म्हटल्यावर तिचा चेहरा असा पडतो की येताना वाटेत एखादी शिंक तरी द्यायला हवी होती असं आपल्यालाच वाटतं. नाक ओढत आलात तर मात्र राज्य तुमचं. उशीला उशी लागते, पायांना तेल लागतं, आणि तुमच्या वाटची कामं घरातल्या निरोगी लोकांच्या डोक्यावर पडतात. जेवायला दोघं बसली आणि एकाला खोकला असला, तर दुसऱ्याने आपलं आपण वाढून घ्यायचं, हा त्या घरचा कायदा.

या कायद्याचा सगळ्यात जुना बळी म्हणजे आमचे आतोबा, आत्याचे यजमान. ते शिंपी. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र आणि मागच्या खोलीत संसार. प्रकृती दगडासारखी. "लग्न झाल्यापासून मला पडसंसुद्धा झालं नाही," ते सांगतात, "त्यामुळे आमची नीट ओळख व्हायची राहूनच गेली."

एवढी माया एका शिंप्याच्या घरात मावणं शक्य नव्हतं. ती ओसंडून गावाबाहेरच्या दुधाच्या गोठ्यापर्यंत गेली. तिथे आत्या वासरं सांभाळते. लांबलचक पत्र्याची शेड, एका बाजूला दुभत्या गाई, दुसऱ्या बाजूला पेंढा पसरलेले लहान लहान कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात ओल्या नाकाचा एकेक इसम. वासराला आईपासून वेगळं केलं की बादलीतलं दूध कसं प्यायचं ते त्याला कळत नाही; ते नाक बुडवतं, फुरफुरतं आणि दूध आपल्याच अंगावर उडवतं. आत्या दोन बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात देते आणि ते चोखायला लागलं की हात हळूहळू बादलीत उतरवते. वासराला वाटतं आपण आत्याला पितोय. ते काही फारसं खोटं नाही.

नावं ठेवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. जो दाराशी उभा राहून आपल्याला आधी विचारलं गेलं पाहिजे अशा नजरेने बघतो, तो जावई. सगळं हुंगून नाक मुरडते ती वन्सं. कागद दिसला की चघळत बसतो तो कारकून. आणि पलीकडच्या बाजूची म्हातारी पांढरी गाय म्हणजे सासूबाई. ही सासूबाई आत्याने या गोठ्यात वाढवलेलं पहिलं वासरू. आता तिचं वय झालं होतं, पोटात शेवटचं वासरू होतं, आणि तिला आजवर सगळे गोऱ्हेच झालेले. ते विकले गेले. "यंदा कालवड होऊ दे," आत्या म्हणायची, "हिचं एक तरी माझ्या डोळ्यांसमोर वाढू दे." गोठ्याचे मालकही म्हणाले होते, कालवड झाली तर ती विकायची नाही, तुम्हीच वाढवा.

नेमकी त्याच सुमाराला वासरांत हगवण शिरली.

पहिला बसला कारकून. पिवळं पाण्यासारखं जायला लागलं, डोळे खोल गेले, कान लोंबले. आत्याने मुक्कामच ठोकला म्हणायचा. सकाळी आली की आधी कारकून: त्याला पुसायचं, त्याचं डोकं मांडीवर घ्यायचं, त्याच्या तोंडात बोटं द्यायची. मग लगबगीने त्याच अंगाने, त्याच गमबुटांनी आणि पाण्यात नुसत्या बुचकळलेल्या त्याच बोटांनी बाकीच्यांचं दूध. कारकून गेला. मग जावई बसला, त्याच्या पाठोपाठ वन्सं.

मालकांनी गुरांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. वयाने आत्याच्या मुलीसारख्या, मोठ्या बुटांच्या आणि कमी शब्दांच्या. त्यांनी तपासायला शेण पाठवलं, रोग विषाणूचा असल्याचं कळलं, आणि मग त्या सबंध सकाळभर काही न बोलता आत्याच्या मागे मागे हिंडल्या. आत्याला वाटलं, पोरगी काम शिकतेय. तिने हौसेने सगळं दाखवलं.

"मावशी," शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा रोग एका वासराच्या शेणातून दुसऱ्याच्या तोंडात जातो."

"पण वासरं तर कप्प्यात असतात. एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत."

"हो. मधे तुम्ही आहात."

आत्याने आपल्या बुटांकडे बघितलं. मग बोटांकडे.

"तुमचं चुकलंय असं नाही म्हणत मी. फक्त क्रम उलटा करायचा. उद्यापासून धडधाकट वासरं आधी, अगदी लहान असतील ती सगळ्यात आधी. आजारी शेवटी. त्यांची बादली वेगळी, बूट वेगळे, झगा वेगळा. आणि त्यांच्याकडून निघालात की थेट घरी."

"म्हणजे जे हंबरतंय त्याला हंबरू द्यायचं, आणि जे मजेत आहे त्याचे लाड करायचे?"

"लाड नका करू. दूध द्या."

त्या संध्याकाळी आत्या घरी आली ती पुढच्या खोलीतच बसली. आतोबा कुणाच्या तरी विजारीला काज करत होते.

"अहो, कारकून आजाराने गेला, पण बाकीच्यांना माझ्या हाताने लागलं," ती म्हणाली.

आतोबांनी टाका पुरा केला, दोरा दातांनी तोडला. "माप चुकलं की माप सुधारायचं," ते म्हणाले. "हात काही कुणी कापून टाकत नाही. ऊठ, जेवून घे."

दुसऱ्या दिवसापासून आत्याने क्रम पाळला. पाळला म्हणजे कसा, तर निरोगी वासरांना दूध पाजताना ती आजारी कप्प्यांकडे पाठ करून उभी राहायची, आणि जावई हंबरला की "आले रे बाबा, आले," असं म्हणत जागेवरच पाय हलवायची. तिला तसं बघून गवळीसुद्धा हसायचे विसरले. जावई वाचला नाही. वन्सं तग धरून राहिल्या, नाक मुरडायची ताकद मात्र गेली होती.

आता सासूबाईंचे दिवस भरत आले. डॉक्टरबाईंनी त्यांना आधीच लस टोचून ठेवली होती, म्हणजे आईच्या पहिल्या चिकातून वासराला थोडी ढाल मिळते. शिवाय वासरू या शेडमध्ये आणायचंच नाही असं ठरलं. अंगणापलीकडे पेंढ्याची एक रिकामी खोली होती, ती धुऊन काढली. प्रश्न राहिला माणसाचा.

"इथला कुणी चालणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "या शेडमध्ये ज्याने पाऊलच टाकलेलं नाही असा माणूस हवा."

गवळी बाद, गाडीवाला बाद, मालक स्वतः बाद. आत्याने बोटांवर सगळ्यांची मोजदाद केली. मग म्हणाली, "एक आहेत. पण गाय आहे की बैल हे त्यांना वाकून बघितल्याशिवाय कळत नाही."

असे आमचे आतोबा गोठ्यात रुजू झाले. इतक्या वर्षांत बायकोच्या कामावर ते एकदाही फिरकले नव्हते, आणि हीच त्यांची लायकी ठरली. नवे कोरे गमबूट, इस्त्रीची विजार, गळ्यात सवयीने राहिलेली टेप. आल्या आल्या त्यांनी खिशातला खडू काढून पेंढ्याच्या खोलीपुढे फरशीवर एक ठसठशीत रेघ ओढली आणि बायकोला म्हणाले, "तू तिकडे." लग्नानंतर त्यांनी तिला दिलेला हा पहिला हुकूम असावा. आणि तिने तो ऐकला.

झाली ती कालवडच. पांढरी, कपाळावर तेवढा शाई पडावी तसा काळा ठिपका. ती आणून पेंढ्यावर ठेवली तेव्हा आत्या रेघेवर पायाची बोटं टेकवून उभी होती.

"अहो, चीक पाजा आधी. थंड होईल."

"पीत नाही ती."

"बोटं द्या तोंडात."

"चावली तर?"

"वरचे पुढचे दात नसतात तिला."

"आणि खालचे?"

"अहो, रोज सुया टोचून घेता तुम्ही. द्या बोटं."

आतोबांनी डोळे मिटून बोटं पुढे केली. थोड्या वेळाने एक डोळा उघडला. "गुदगुल्या होतात गं," ते म्हणाले, आणि मग पुढचा अर्धा तास कुणाशी बोलले नाहीत. पिऊन झाल्यावर त्यांनी टेप काढून पाठीचं आणि छातीचं माप घेतलं. संध्याकाळपर्यंत जुन्या गोधडीचा, पोटाखाली बांधायच्या बंदांचा डगला तयार होता. वासरू त्यात एखाद्या किरकोळ संस्थानिकासारखं दिसत होतं.

काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी आत्या आजारी कप्पे उरकून, बरबटलेल्या बुटांनी निघायच्या बेतात असताना आतोबा रेघेशी आले.

"पातळ होतंय तिला."

आत्याने तिथूनच मालकांना हाक मारली.

मालकांनी फोन लावून स्पीकरवर टाकला. डॉक्टरबाई दूरच्या कुठल्या तरी गोठ्यावर होत्या. "रंग कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"पिवळा," आतोबा म्हणाले, "पण पिवळे पुष्कळ असतात. हा मोतिया नाही. हळदीही नाही. हा अस्तराला लावतात तो, धुतल्यावर उतरलेला."

डॉक्टरबाईंनी रंगाचा नाद सोडला. "रक्त?"

"तांबडा दोरा एकही नाही."

"बरं. ऐका काका. या रोगावर मारून टाकणारं औषध नाही. जंतूंची गोळी विषाणूला लागत नाही. जितकं पाणी बाहेर जाईल तितकं आत गेलं पाहिजे. मी ठेवलेली क्षारांची पुडी कोमट पाण्यात, दोन दुधांच्या मधल्या वेळेत. दूध बंद करू नका. अंग गरम ठेवा. मी संध्याकाळपर्यंत येते."

फोन बंद झाला. आत पेंढ्यावर कालवडीने मान टाकली होती. ती हंबरली, अगदी बारीक, आणि आत्याचा उजवा पाय उचलला गेला. खाली बुटाला वन्संची सगळी हकीकत चिकटलेली. मधे एक खडूची रेघ, तीही दवाने अर्धी पुसलेली. आत आजारी जीव, आणि तो तिच्या सासूबाईंचा. आतोबांनी तिला अडवायला हातही पुढे केला नाही.

आत्याने पाय होता तिथे ठेवला. जवळची एक बादली पालथी घातली आणि रेघेच्या अलीकडे तिच्यावर बसली.

"मानेवरचं कातडं चिमटीत धरा," ती म्हणाली. "सोडा. काय होतंय?"

"चुणी राहते. हळूहळू जाते."

"म्हणजे पाणी कमी आहे अंगात. डोकं वर नका ओढू तिचं, पाणी श्वासनळीत जाईल, ठसका लागेल. आधी बसती करा. तुमचा गुडघा लावा पाठीला. हां. आता बाटली तिरकी, थोडं थोडं. गिळतेय का ते घशावर बघा."

"गिळतेय."

"मग थांबा. श्वास घेऊ द्या तिला. घाईचं गिऱ्हाईक नाही ते."

सबंध दुपार ती त्या पालथ्या बादलीवर बसून बोलत होती आणि आतोबांचे हात तिच्या बोलण्याबरहुकूम चालत होते. मधून मधून ते चिमटीत कातडं धरून रिपोर्ट द्यायचे. चुणी आहे. आहे, पण बारीक. डगला भिजला की दुसरा चढवायचे. फावल्या वेळात तीन शिवून ठेवले होते. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी तपासलं, एक बाटली शिरेतून चढवली आणि आत्याकडे बघून नुसती मान हलवली. ती कुठल्या अर्थाने हलवली ते आत्याला घरी जाईपर्यंत कळलं नाही.

पुढचे दोन-तीन दिवस आत्याच्या घरी जेवताना फक्त शेणाच्या छटांची चर्चा चालायची. आज जरा दाट. आज मळखाऊ पिवळा. आणि मग एका सकाळी आत्या निरोगी वासरांचं दूध करत असताना आतोबा जवळजवळ पळत रेघेपर्यंत आले आणि तिथूनच त्यांनी शेडकडे हाक मारली.

"खाकी," ते म्हणाले. "पक्का. आणि बादलीला लाथ मारली तिने."

आत्याने हातातलं दूध पुरं पाजलं. उरलेल्या धडधाकट वासरांचंही पाजलं. मग रेघेपाशी येऊन लांबून बघितलं. डगला घातलेली कालवड चार पायांवर उभी राहून आतोबांची टेप चघळत होती.

डॉक्टरबाई तिथेच होत्या. "मावशी, आज सकाळपासून तुम्ही आजारी कप्प्यात गेलेल्या नाहीत. बूट धुवा, हात साबणाने धुवा आणि या आत. हरकत नाही."

आत्या बूट धुवायला नळाकडे निघाली. अर्ध्या वाटेवर शेडमधून वन्सं हंबरल्या. त्यांना अजून अंगात त्राण नव्हतं, आणि त्यांचं सकाळचं सगळं व्हायचं होतं.

"थांब गं जरा," आत्याने शेडकडे बघून सांगितलं. "आधी हिचं बघते. तुझा नंबर शेवटी."

आणि साबण शोधायला लागली.