बर्फातले हातमोजे, मुक्काम यवतमाळ

आमच्या कारखान्यात चिंध्यांपेक्षा किस्से जास्त साचतात. साहजिकच आहे! उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटतं, त्या यवतमाळात आम्ही स्कीइंगचे इलेक्ट्रॉनिक हातमोजे बनवतो. कारखाना म्हणजे एक खोली अन् तीन माणसं: सर्किट जोडणारा पंकज, बंजारा तांड्यावरून येणारी, भरतकामात हात बसलेली शेवंतामावशी आणि शिवणारा मी.

आतून वीज वाहणारा दोरा. अंगठा पहिल्या बोटाला टेकवला की खिशातल्या मोबाइलवर गाणं, दुसऱ्याला टेकवला की फोन उचलला जातो आणि मूठ घट्ट आवळली की मदतीचा फोन लागतो. मनालीच्या एका स्कीइंग शिकवणाऱ्या सरांनी नमुन्याची जोडी मागवली होती. आवडली तर मोठी ऑर्डर, नाहीतर खोलीला कुलूप आणि पंकज पुण्याला नोकरीवर!

* * *

थंडीत चालतात का बघायला भर मे महिन्यात बर्फाच्या कारखान्यात गेलो. मोजे पहिल्या झटक्यात पास! मी बाहेर आलो, पंकज काही येईना. मालकानं दार ठोकलं, "काहून रे, मोजे बिघडले काय?"

आतून आवाज आला, "मोजे ठीक हाय, काका. आता माही टेस्ट चालू हाय!"

* * *

मावशीला सांगितलं होतं, विजेच्या दोऱ्याच्या तिन्ही रेघा वेगळ्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर रेघा जोडून झकास वेल, वर आरसे! अंगठा टेकवला की गाणं, फोन, मदतीची हाक, सगळं एकदम.

"मावशी, रेघ मधातच सोडाची होती ना!" पंकज रडकुंडीला आला.

"अर्ध्या वेलीचा घागरा घालून पोरगी सासरी धाडते काय कोणी? लोक नावं ठेवतीन!"

शेवटी वेल वरून साध्या दोऱ्यानं राहिली, वीज आतून गेली.

* * *

मग मी मोजे घालून ढाणकीच्या एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "हात भाजले काय, भाऊ?" गर्दीत दांडी धरून उभा राहिलो. दर खड्ड्याला मूठ आवळायची आणि पंकजला मदतीचा फोन जायचा! वैतागून त्यानं मोज्याच्या चिपमध्ये स्वतःच्या जागी मावशीचा नंबर टाकला. "थे कोणाशीबी बोलते," म्हणाला.

* * *

पार्सलच्या दिवशी मावशीनं मोजे हातात चढवले आणि पंकजच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. दृष्ट निघाली, पण मूठही आवळली गेली! तिचाच फोन वाजला, तिनं उचलला. मोज्यांना जोडलेला पंकजचा मोबाइल शेजारीच, स्पीकरवर. तिला तिचाच आवाज परत ऐकू येऊ लागला.

फोनवर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "बाई चांगली वाटते रे. माह्यासारखीच बोलते!"

* * *

हिवाळा आला, मनालीहून उत्तर नाही. आमचे चेहरे उतरले. पंकजनं पुण्यासाठी बॅग भरायला काढली, आणि सरांचा फोन आला!

उतारावर एकटेच असताना पाय मुरगळून ते बर्फात पडले होते. मूठ आवळली, आणि फोन लागला थेट तांड्यावर, कापूस वेचणाऱ्या मावशीला! नंबर बदलायचाच राहिला होता. आम्ही गारठलो.

मावशीनं आधी नाव विचारलं, मग जेवला का ते विचारलं. मग "झोपू नको, छोरा, बोलत राह्य," म्हणत सरांचे विद्यार्थी शोधत येईपर्यंत तिनं फोन सोडलाच नाही.

पंकज चाचरत म्हणाला, "सर, चूक झाली. ऑर्डर गेली, समजलं."

"ऑर्डर पक्की," सर म्हणाले. "पण नंबर सगळ्या जोड्यांत हाच ठेवा. आणि मावशींना सांगा, मी जेवलो!"