दिवाळीची आंघोळ आणि पिसवांचं औषध

मुलांनो, आपल्या म्हाताऱ्या कुत्रीला मागच्या पावसाळ्यात पिसवा झाल्या. तिचं अंथरूण तुमच्या आजोबांच्या पलंगाखाली, त्यामुळे त्यांच्या पायांवर लाल गांध्या उठल्या. त्यांना साखरेचा आजार आहे. खाजवून झालेली जखम लवकर भरत नाही. म्हणून मी ठरवलं, दिवाळीपर्यंत पिसवा गेल्या नाहीत तर कुत्री घराबाहेर, व्हरांड्यात. आजोबा त्या दिवशी जेवले कमी.

डॉक्टरांनी तिचं वजन करून मानेवर टाकायच्या औषधाच्या छोट्या नळ्या दिल्या. सोबतचा इंग्रजी कागद मी दोनदा वाचला. धनत्रयोदशीला दुपारी तिच्या खांद्यांच्या मधले केस बाजूला केले आणि नळी थेट कातडीवर रिकामी केली. जीभ पोचत नाही अशी जागा तीच. दोन दिवस आंघोळ घालायची नाही, हे आजोबांना सांगितलं आणि कॅलेंडरवरही लाल शाईनं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी करंज्यांचे डबे भरत होते. न्हाणीघरातून उटण्याचा वास आला. आजोबांची आंघोळ तर केव्हाच झाली होती. जाऊन पाहते तो कुत्री तेल लावून, उटणं चोळून, गरम पाण्यात उभी.

"अहो, औषध गेलं की सगळं!"

"दिवाळीच्या पयल्या दिवशी तिनं पारोसं ऱ्हायाचं व्हय?" आजोबा म्हणाले आणि आणखी एक तांब्या ओतला.

डॉक्टरांना फोन केला. ते आधी हसले, मग म्हणाले, महिना झाल्याशिवाय पुन्हा टाकू नका, तोवर बारीक फणीनं विंचरा. मी माझा शब्द पाळला आणि कुत्रीचं अंथरूण व्हरांड्यात नेलं. पाठोपाठ आजोबांनी आपली खुर्ची नेली. रोज दुपारी ते तिला विंचरत आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवत. मी आठवड्याला चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या, कोपरे झाडले. महिन्यानं दुसरी नळी टाकली तेव्हा आजोबांनी दोन दिवस न्हाणीघराला बाहेरून कडी लावून ठेवली.

पुढं फणीत काही येईना. त्यांचे पायही बरे झाले. मग मीच अंथरूण उचलून पलंगाखाली घातलं. कुत्री आता दुपारी आत घोरते. आजोबा मात्र पेपर घेऊन व्हरांड्यातच बसतात. तिथं ऊन चांगलं येतं म्हणे.