आईच्या श्वासाची जागा

कानाच्या डॉक्टरांनी बाबांना हसत हसत सांगितलं, "आजोबा, काय ऐकायचं असेल ते ऐकून घ्या." मला असा राग आला! हे काय हसून सांगायचं असतं? डावा कान गेल्यात जमा होता आणि उजवाही त्याच वाटेवर होता. बाबा मात्र शांत. बाहेर आल्यावर मुलुंडच्या त्या गजबजलेल्या रस्त्यावर, रिक्षाची वाट बघताना म्हणाले, "तुझ्या आईची ती सीडी एकदा नीट ऐकव."

ती सीडी म्हणजे आमच्या सोसायटीच्या गणपतीत आईनं गायलेला अभंग. माइकवाल्यानं तो रेकॉर्ड करून तिला सीडीवर दिला होता. गंमत म्हणजे त्या दिवशी बाबा मागे प्रसादाच्या टेबलापाशी, द्रोण कमी पडले म्हणून कोणाशी तरी वाद घालत होते. गाणं संपल्यावर धावत पुढे आले. आई मग वर्षानुवर्षं त्यांना टोमणे मारायची, "यांच्या कानात तेव्हा शिरा गेला होता."

त्या अभंगात शेवटच्या कडव्याआधी एक जागा आहे. तबला थांबतो, पेटी थांबते, आई एक श्वास घेते आणि मग वरचा सूर लावते. बाबांना तो श्वास ऐकायचा होता. कारण आई गेली ती फुप्फुसांच्या आजारानं. शेवटचे महिने घरात ऑक्सिजनचं मशीन घूंऽऽ करत असायचं आणि त्याच्या नळीतून ती थोडाथोडा श्वास घ्यायची. "आता आठवायला गेलो की ते मशीनच वाजतं रे डोक्यात," बाबा म्हणाले. "तिनं आपला आपण घेतलेला श्वास ऐकायचाय मला."

मी सीडी मोबाइलमध्ये उतरवून आणली. बाबांनी फोन कानाला लावला आणि लगेच बाजूला ठेवला. "ही तुझी आई नव्हे. मोबाइल गातोय."

मग ठरलं, नीट सेट आणायचा, आपल्या खिशाला झेपेल असा. हायफायच्या जगात मी अगदीच नवा. इंटरनेटवरच्या शौकिनांच्या ग्रुपमध्ये शिरलो तर तिथे माणसं वायरीवरून एकमेकांच्या जिवावर उठलेली. तांब्याची घ्या, चांदीची घ्या, अमुक वायर लावली की गायिका समोर येऊन बसते! अरे बाबांनो, मला एकच गायिका समोर आणायची आहे, आणि ती कुठल्या वायरीनं येईल ते सांगा ना. असं मी लिहिलं नाही. नुसता फणफणलो. शेवटी चेंबूरच्या एका भल्या गृहस्थांकडून जुना पण धडधाकट अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि स्पीकरसाठी बाबांना घेऊन घाटकोपरच्या दुकानात गेलो.

दुकानात बाबांनी काय करावं? प्रत्येक स्पीकरच्या खोक्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावायला लागले. कोकणातला माणूस, नारळ घेतल्यासारखा स्पीकर घ्यायला निघाला. विक्रेता कासावीस. "अंकल, वाजवून दाखवतो ना!" बाबा म्हणाले, "वाजव तू, पण हा पोकळ आहे." शेवटी त्यांच्या पसंतीचा भरीव, बुटका जोड घेतला. खरं सांगतो, मलाही तोच आवडला होता.

सीडी प्लेअर सगळ्यात शेवटी आला. नवा कोण विकतं आता? भांडुपला एक घर रिकामं होत होतं, तिथून मिळाला. घरी जोडला, दुसरीच एक सीडी लावून पाहिली, आणि स्पीकरमधून आवाज आला, घूंऽऽ. बाबा उठून थेट गॅलरीत गेले आणि कठड्याला धरून डोंगराकडे बघत उभे राहिले. तो आवाज त्यांना ऐकू येत होता. जाडा, खालचा आवाज होता ना. बायको माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "अरे, बंद कर ते. मशीनसारखं वाजतंय."

तो घूं मी मुळापासून खणून काढला. फ्रिजच्या बोर्डातून प्लग काढले, वायरी एकमेकींपासून लांब केल्या, अर्थिंग दुरुस्त करून घेतलं. एके दुपारी आवाज गेला तो गेलाच. पडदे ओढलेले, त्यातून मधासारखा उजेड आलेला, आणि बासरीची कुठलीशी सीडी चाललेली. बायको सोफ्यावर पेंगत होती. मलाही ग्लानी आल्यासारखं झालं. दोन स्पीकरच्या मधोमध, टीव्हीच्या थोडं पुढे, कोणी तरी बसून वाजवत होतं आणि तिथे कोणीच नव्हतं. उद्या तिथे आई उभी राहील, असं मनात आलं.

पण बाबा म्हणाले, "आता दसरा आलाच आहे. पूजा करून मगच तिची लावू." आई असताना हे खातं तिचं होतं. दसऱ्याला मिक्सर, शिलाई मशीन, माझी स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू, फूल, अक्षता. या वर्षी बाबांनी ते स्वतःकडे घेतलं. सेटची पूजा झकास झाली. झेंडूच्या माळेत स्पीकर नवरदेवासारखे दिसत होते.

आणि संध्याकाळी आईची सीडी लावली तर, खर्र... खर्र... खर्र. प्लेअरच्या पोटातूनच. सीडी फिरेल तसा आवाज फिरायचा. वाट लागली! मी झटकन बंद केलं.

पुढचे काही दिवस नुसता डोक्याला ताप. ग्रुपवर विचारलं तर एक म्हणे मोटर गेली, दुसरा म्हणे भंगारात टाक. मी प्लेअरखाली बायकोच्या योगाच्या मॅटचे तुकडे घातले. तिनं काढलेला आवाज मात्र बंद करता आला नाही. रोज संध्याकाळी लावायचो, खर्र सुरू झालं की थांबवायचो. बाबा दर वेळी विचारायचे, "का रे थांबवलंस?" मला वाटायचं, माझं मन राखायला विचारतायत. बिचारे किती समजूतदार.

शेवटी वैतागून प्लेअर ज्याचा त्याला परत करायचं ठरवलं. उचलून पिशवीत उभा घातला तर आत काही तरी टकटक घरंगळलं. पुन्हा बाहेर काढला, ट्रे उघडला आणि गल्ल्यातून नाणी काढावीत तसा उलटा करून हलवला. टेबलावर तांदूळ पडले. कुंकवानं लाल झालेले तांदूळ!

"बाबा!" मी ओरडलोच. "आत अक्षता टाकल्यात तुम्ही?"

"मग? आतूनच तर चालतं ना ते? बाहेरून काय, नुसतं कपाट." ते शांतपणे म्हणाले. "तुझी आई शिलाई मशीनची पट्टी सरकवून आत वाहायची. तिनं कधी बाहेरच्या बाहेर उरकलं नाही."

बायको पोट धरून हसायला लागली. मला रागावू की हसू ते कळेना. पण सीडीवर चरे पडले असतील तर? खिडकीशी नेऊन उजेडात धरली. कडेला एक बारीक रेघ होती, बाकी ठीक. ट्रे फुंकून साफ केला. तांदूळ बायकोनं उचलून देव्हाऱ्यात ठेवले.

सूर्य डोंगराआड गेला होता आणि भिंतीवर नुसता गुलाबी रंग उरला होता. बाबांनी कानातलं मशीन काढून ठेवलं, ते गाण्यात शिट्टी मारायचं. खुर्ची ओढून स्पीकरजवळ बसले आणि खोक्यावर तळवा ठेवला. मी सीडी लावली. खर्र नाही. घूं नाही. खोलीत काहीच नाही, आणि त्यातून आई आली. टीव्हीच्या थोडं पुढे, चटईच्या कडेवर उभी राहून गात होती. इतकी जवळ, की मी पाय आखडून घेतले.

ती जागा आली. तबला थांबला, पेटी थांबली. आईनं श्वास घेतला. लांब, भरलेला, शेवटी किंचित थरथरलेला, आणि त्याच्याबरोबर हातातली एक बांगडी किणकिणली. ती बांगडी मी आधी कधीच ऐकली नव्हती. मला रडू आलं.

बाबांकडे पाहिलं. डोळे मिटलेले. त्यांची छाती वर आली होती, खांदे उचलले होते. आईनं वरचा सूर लावला तसे खांदे हळूहळू खाली आले.

गाणं संपल्यावर मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकलो. "बाबा, ऐकलात?"

"काय?"

"श्वास. आईचा."

त्यांनी मान हलवली. जीव कासावीस झाला की ते गावच्या बोलीत येतात. "नाय रे. माका नाय ऐकाक इलो." मग माझं मनगट घट्ट धरलं. आई आजारी असताना मी खोलीतून बाहेर आलो की धरायचे तसं.

"पण तिना घेतल्यान मां?"

"घेतला, बाबा," मी म्हटलं. "भरपूर घेतला."