मामांची केळी

केळं चांगलं असतं, हे मला कुणी सांगायची गरज नाही. मी केळ्यांच्या मुलखातली आहे. माझे बाबा मुदखेडच्या स्टेशनात हमाली करायचे, आणि त्या काळात तिथून केळीच्या घडांनी भरलेले डबे पार उत्तरेकडं जायचे. बाबांनी जन्मभर ते घड खांद्यावर वाहिले. लादताना गळून पडलेली केळी हमालांची, असा तिथला रिवाज होता, त्यामुळं आमच्या घरात कालवण नसलं तरी भाकरीसंगं केळं असायचं. उन्हात राबणाऱ्या माणसाला त्याच्यासारखं फळ नाही. पोटाला आधार होतो, अंगात तरतरी येते, कोठा साफ राहतो. दात पडलेल्या म्हाताऱ्याला चालतं आणि दात न आलेल्या लेकरालाही. हे सगळं मला मान्य आहे. तरीही कुणी माझ्यासमोर केळ्याचे गुण सांगायला लागलं की माझं डोकं उठतं, आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या थोरल्या मामांना आहे.

मामा, म्हणजे मायचे सख्खे मोठे भाऊ, लातूरला एका कचेरीत कारकून होते. लातूर जिल्हा झाला आणि ह्या माणसाचे पाय जमिनीला लागेनात. जिल्हा सरकारनं केला, पण मामांचं बोलणं ऐकून वाटावं की नकाशावर रेघ ओढायला हेच बसले होते. आमचा जिल्हा, आमचे कलेक्टर, आमच्या जिल्ह्याचा दवाखाना! पावसानं दगा दिलेला, नळ कोरडे, बाया घागरी घेऊन टँकरमागं पळून राहिलेल्या, आणि हे महाशय अंघोळीला पाणी नाही म्हणून अंगाला पावडर फासून, इस्त्रीचा शर्ट घालून, नव्या जिल्ह्याचं कौतुक सांगत फिरायचे.

त्याच उन्हाळ्यात बाबांच्या पायावर सूज आली. मग ती तोंडावर चढली. मुदखेडहून नांदेड कितीसं लांब? शेजारी म्हणाले, नांदेडला न्या. बाबासुद्धा म्हणाले, नांदेडलाच जाऊ. तेवढ्यात मामा येऊन टपकले.

"दाजी, नांदेडात कोण हाय तुमचं? कुत्रं तरी विचारतं का? लातूरला चला. आता जिल्हा झालाय. माझी ओळख हाय तिथं. डॉक्टर लोकं उठून खुर्ची देतेत मला."

माय भावाच्या शब्दाबाहेर नव्हती. म्हणून आम्ही सुजलेला माणूस नांदेडच्या दवाखान्यावरून पुढं नेला, एसटीच्या धक्क्यांत, अर्धा दिवस, पार लातूरला. तिथं गेल्यावर कळलं की मामांची ओळख होती ती सायकल स्टँडवाल्याशी. तो मात्र खरंच उठून उभा राहिला.

डॉक्टर तरुण होते आणि नीट समजावून सांगणारे. त्यांनी मला आणि मायला बाजूला घेतलं. मूत्रपिंडं थकली आहेत, म्हणाले. मीठ कमी, पाणी मोजून, आणि केळं, मोसंबी, नारळपाणी बिलकूल नाही. केळ्यात जे गुणाचं असतं तेच यांच्या अंगातून बाहेर पडत नाही, ते साचलं तर हृदय बंद पडू शकतं. पथ्य पाळलं आणि सूज उतरली तर यांना घरी नेता येईल. मायला अर्धं कळलं, मला पुरतं कळलं. बाबांना घरी न्यायचं तर त्यांच्या तोंडात केळं जाता कामा नये, एवढीच गोष्ट मी डोक्यात पक्की धरली आणि खाटेशेजारी पहाऱ्याला बसले.

पाण्याचं बाबांना काही वाटलं नाही. सगळं लातूर त्या वर्षी पाणी मोजूनच पीत होतं. "आपुन तरी कोण लागून गेलो?" म्हणाले. केळं सोडणं मात्र त्यांच्या जिवावर आलं होतं. तोंडाची चवच गेली होती, वरण-भाताचा वास नको वाटायचा, आणि मधूनच म्हणायचे, "एखादं केळं असतं तर दोन घास गेले असते बघ." मी म्हणायचे, "बाबा, न्हाई म्हणजे न्हाई." ते निमूट कूस बदलायचे.

आणि केळी तर समोरच पडलेली असायची. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आपल्या लोकांची मोठी रीत. आजारी काय खाऊ शकतो हे विचारायची रीत मात्र कुणी पाडली नाही. मुदखेडचे हमाल आले, केळी घेऊन आले. त्या बिचाऱ्यांचं मी काही म्हणत नाही, त्यांना तेच माहीत. पण मामांना तर डॉक्टरचं बोलणं मी शब्दन् शब्द सांगितलं होतं. तरी रोज संध्याकाळी कचेरी सुटली की सायकलच्या हँडलला केळ्यांची फणी लटकवून हजर.

"अगं, डॉक्टर लोकांचं काय ऐकतीस," म्हणायचे. "त्यांनला गोळ्या खपवायच्या असतेत. केळं म्हणजे रक्त. केळं म्हणजे ताकद. पैलवान काय खातेत? केळं. देवाच्या पुढं काय ठिवतेत? केळं. दाजी, मन शांत ऱ्हातं केळ्यानं, झोप लागती, हाडं घट्ट व्हतेत."

हे सांगता सांगता एक सोलायचे आणि खायचे. मग दुसरं. बाबा मामांच्या तोंडाकडं बघत राहायचे, आणि मामांना वाटायचं की दाजी आपलं व्याख्यान मन लावून ऐकून राहिले. सालं खाटेखाली टाकायचे. ती मी उचलायची, कारण त्यावरून सिस्टरबाई घसरल्या तर बोलणी मला बसणार होती. जाताना उरलेली केळी पिशवीत घालून परत न्यायचे, घरी लेकरं आहेत म्हणून. इतका निर्लज्ज माणूस मी पुढं आयुष्यात पाहिला नाही, आणि पाहिलेत पुष्कळ.

एकदा मी पाणी आणायला खाली गेले होते. कळशी घेऊन वर येते तर मामा बाबांच्या ओठांपाशी केळं धरून बसलेले. मी कळशी तिथंच आदळली आणि त्यांच्या हातातून केळं ओढून घेतलं.

"मामा, माणूस मारायचाय का तुम्हाला?"

"बघ, बघ," ते मायकडं वळले. "बापाच्या तोंडचा घास काढती ही. अशी असती का लेक?"

माय सांडलेलं पाणी पुसायला वाकली. बाबा हळूच म्हणाले, "जाऊ द्या पाव्हणे. तिचं बरोबर हाय." एवढ्यावर मामा दोन दिवस रुसून बसले. ते दोन दिवस वॉर्डात बरे गेले.

तिसऱ्या दिवशी ते फुलून आले. त्यांच्या कुठल्याशा साहेबाचा वाढदिवस होता. नव्या जिल्ह्यात नवे पुढारी पावसाळी छत्र्यांसारखे उगवले होते. पाऊस नव्हता तरी उगवले होते. वाढदिवस म्हटला की रुग्णांना फळवाटप आलंच, आणि फळ म्हणजे अर्थात केळं. सफरचंद वाटायला कुणाचा हात सैल होता? मामांनी म्हणे मोठी खटपट करून आमची खाट ठरवून घेतली होती. सकाळीच येऊन त्यांनी बाबांचे केस विंचरले, चादर ताणली आणि मला म्हणाले, "पेपरात फोटो येईल तुझ्या बापाचा. आता तरी गुमान ऱ्हा."

साहेब आले. पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या, मागं पंधरा-वीस माणसांचा घोळका. पायांच्या धुळीसकट सगळे आत घुसले. साहेबांनी पाटीतलं एक केळं उचललं, स्वतःच्या हातानं अर्धं सोललं आणि बाबांच्या तोंडापाशी नेलं. मामा साहेबांच्या खांद्यामागून मान उंच करून कॅमेऱ्यात बघायला लागले.

मी पुढं झाले. "साहेब, त्यांना केळं चालत न्हाई. डॉक्टरनं बंद केलंय."

"केळं कुणाला चालत न्हाई?" साहेब हसले. ते हसले म्हणून सगळा घोळका हसला. मामा सगळ्यांत जोरात हसले.

बाबांनी तोंड उघडलं नाही. केळं त्यांच्या हनुवटीला टेकलं होतं, त्याचा वास नाकात जात असणार. त्यांनी मान न हलवता फक्त डोळे माझ्याकडं वळवले. मी मान हलवली, नको म्हणून. तेवढ्यात फोटोवाल्यानं बटण दाबलं. फोटो निघाल्यावर साहेबांच्या हातातलं केळं एका कार्यकर्त्यानं घेतलं आणि तेच सोललेलं केळं पुढच्या खाटेवर साहेबांच्या हातात परत दिलं. चार खाटांवर चार फोटो निघाले, एका केळ्यात. बाकीची भरलेली पाटी कार्यकर्त्यांनी जिन्यातच खाऊन संपवली. थू असल्या पुण्यावर.

ते गेल्यावर बाबांनी हातानं हनुवटी पुसली. मग म्हणाले, "वास लई झकास व्हता गं."

मी म्हटलं, "बाबा, सूज उतरून राहिली. घरी गेल्यावर डॉक्टरला विचारून देते एक."

"घरी गेल्यावर," ते म्हणाले. "इसरू नको बरं."

"न्हाई इसरत."

सूज उतरली नाही. पुढच्याच आठवड्यात श्वास लागायला लागला. डॉक्टरांनी त्यांच्या हातात होतं ते सगळं केलं, आणि मग मला बोलावून म्हणाले की, पेशंट आधी यायला हवा होता, वाटेत वेळ गेला. कुणामुळं गेला ते मी त्यांना सांगितलं नाही. बाबांना आम्ही मुदखेडला आणलं ते जीपच्या मागच्या फळीवर झोपवून. घरी आणायचं मी असं म्हटलं नव्हतं.

बाबांचा दुसरा एकही फोटो नव्हता. लग्नातसुद्धा कुणी काढला नव्हता. शेवटी वर्षाच्या स्मृतिदिनासाठी मामांकडूनच तो फोटो मागून घ्यावा लागला, आणि त्यांनी तो उपकार केल्यासारखा दिला. मधोमध साहेब, त्यांच्या मागं दात काढून हसणारे मामा, आणि कडेला माझे बाबा. मी तो नांदेडच्या स्टुडिओत नेला आणि म्हटलं, ह्यातले हे दोघं काढून टाका. त्यानं काढले. पण हनुवटीखालचा अंगठ्यांचा हात आणि ते अर्धं सोललेलं केळं काही काढता येईना. काढलं तर चेहराच फाटतो, म्हणाला. मग तसाच मोठा करून फ्रेम केला. येणाऱ्याला वाटतं बाबा कुठंतरी बाजूला बघून राहिलेत. ते माझ्याकडं बघून राहिलेत.

स्मृतिदिनाला नातेवाईक जमले. मेणबत्ती लावून झाली, फुलं वाहून झाली. मी सकाळीच स्टेशनातल्या हमालांकडून गळालेल्या केळ्यांतलं एक चांगलं पिकलेलं मागून आणलं होतं. ते सोलून, ताटलीत घालून फोटोपुढं ठेवलं. माय बघत होती. "ठिव," म्हणाली. "आता कसलं पथ्य."

मामा भिंतीला टेकून चार पाहुण्यांना सांगत होते. "शेवटपोत एक केळं खाऊ दिलं न्हाई पोरीनं. म्या रोज न्यायचो. खाल्ले असते तर ताकद आली असती, आज दाजी बसले असते हितं." पाहुणे माना हलवून माझ्याकडं बघत होते. नांदेड सोडून लातूरला कुणी नेलं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तोंड उघडत नव्हतं.

बोलता बोलता मामांनी सवयीनं हात लांबवला, ताटलीकडं.

मी त्यांचं मनगट धरलं. "मामा, ते बाबांचं हाय. त्यांनला खाऊ द्या."