डाव्या वेढ्याची कुरडई आणि जावयाचा ट्रक

आधी चहा संपवा, मग ऐका, नाहीतर ठसका लागेल. माझ्या सुनेला, वैशालीला, आत्ताच लागलाय. मला लिहिता येत नाही, मी सांगते आणि ती लिहिते. पण ज्या दिवशी मी न्यू जर्सीत स्वतःच्या अब्रूच्या कुरडया पाडल्या, तो दिवस काढला की ती पेन खाली ठेवून हसत सुटते.

दोन हजार सहाचा उन्हाळा. आम्ही पिस्कॅटवेला राहत होतो. मुलगा दिलीप, वैशाली आणि मी. एकसारख्या घरांची वसाहत, मधोमध पोहायचा तलाव, आणि त्यात वीसेक घरं मराठी. त्या वीस घरांत माझ्या कुरडईचा दरारा होता. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा आणि गरमागरम सोऱ्यातून घालायचा. आता मी आहे डावखुरी. बाकीच्या बायका सोऱ्या एका अंगाने फिरवतात, मी दुसऱ्या. त्यामुळे माझ्या कुरडईचा वेढा डावीकडे जातो. लहानपणी आईने त्यापायी माझ्या हातावर आमटीचा डाव हाणला होता. मोठेपणी मी त्याचाच शिक्का केला. "हजारांतून माझी कुरडई ओळखू येते," असं मी ज्याला त्याला ऐकवायचे.

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

तर समोरच्या घरात शांताबाई राहायला आल्या, लेकीकडे. नागपूरच्या. माझ्याच वयाच्या, माझ्यासारख्याच गुडघ्यांच्या. त्यांचा जावई रोहन इथेच जन्मलेला. लोकांच्या घरामागे लाकडी ओटे बांधून द्यायचा त्याचा धंदा. त्या धंद्यासाठी त्याने ट्रक घेतला.

ट्रक म्हणजे आपल्याकडचा वाळूचा नव्हे. इथे पिकअप म्हणतात. पुढे सोफ्यासारख्या सीटा, मागे उघडा हौदा, हौद्याला मागून खाली पाडता येणारा फाळका. पण आकार? नाकाची पट्टी माझ्या खांद्याला लागायची. समोरून आला की भिंत चालत येतेय असं वाटायचं. तोंडाची जाळी नुकत्याच कल्हई केलेल्या परातीसारखी लखलखीत. आरसे हत्तीच्या कानांएवढे. मागे जोडचाकं, त्यामुळे दोन्ही अंगांना असा फुगलेला, जशी चापून नऊवारी नेसलेली जाडजूड विहीणबाई. रंग पिकल्या जांभळाचा.

"कसा वाटला ट्रक, अनसूयाबाई?" शांताबाईंनी विचारलं.

"रेडा दिसतोय."

"रेडा तर रेडा. पण वर बसून पाहा न एकदा. अख्खं गाव दिसते."

"माझे गुडघे नाही चढायचे."

"माझे तरी कुठं चढतात जी? जावई स्टूल ठेवते, हात धरते, अन् मग उचलूनच बसवते."

आमच्या दिलीपची गाडी होती इवलीशी, करड्या रंगाची, वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी. तिच्यात मी बसायचे नाही, तिच्यात मी पडायचे. आणि शांताबाई देवळात निघाल्या की वरून मला हात करायच्या, अंबारीतून करावा तसा.

तोवर नुसती जळजळ होती. वणवा पेटला तो वाळवणावरून.

वसाहतीच्या ऑफिसने चिठ्ठी पाठवली होती की गॅलरीत आणि कठड्यावर काही वाळत घालायचं नाही. मी बापडी दिवाणखान्यात, खिडकीपाशी, पंख्याखाली वाळवायचे. कुरडया पिवळट पडायच्या. आणि शांताबाईंनी काय करावं? शनिवारी-रविवारी ट्रक दारात उभाच असतो, तर हौद्यात पातळ अंथरून त्यावर कुरडया घातल्या. हौद्यात काळं जाड रबर. तव्यासारखं तापायचं. ऑफिसच्या चिठ्ठीत ट्रकचं नावच नाही. एका दिवसात कुरडया खणखणीत.

त्यातच मीनाच्या मुलीचं लग्न निघालं. मीना पलीकडच्या गल्लीतली, मला आजी म्हणायची. रुखवतातलं कुरडयांचं ताट माझंच, हे साखरपुड्यालाच ठरलं होतं. एक दिवस ती आली, सोफ्याच्या काठावर बसली, आणि पदराशी चाळा करायला लागली. तेव्हाच मी ओळखलं.

"आजी, हॉलवाल्याने टेबल छोटं दिलंय. कुरडयांचं ताट एकच मावेल."

"मग एकच तर देतेय मी."

"हो, पण शांतामावशींच्या पाहिल्या मी. कापसासारख्या पांढऱ्या आहेत हो."

"मग रुखवतात कापूसच ठेव की. वाती तरी होतील."

"तसं नाही आजी. मी रविवारी दोघींच्या बघते, मग ठरवू."

रविवारी दोघींच्या बघते! जिने शाळेचं तोंड पाहिलं नाही, तिची सत्तराव्या वर्षी परीक्षा. आणि तीही कोणाबरोबर, तर आत्ता पाडव्याला आलेल्या बाईबरोबर.

मी ताबडतोब गहू भिजत घातले.

पहिला प्रयोग दिलीपच्या गाडीवर केला. म्हटलं ट्रक नाही तर नाही, आपल्या गाडीलाही पाठ आहे. पुढच्या बॉनेटवर फडकं टाकलं, कुरडया मांडल्या. घरात येऊन पाणी पिते न पिते, तोच फडक्यासकट सगळ्या खाली. पुन्हा मांडल्या, पुन्हा खाली.

"आई, ती गाडी मुद्दाम गुळगुळीत केलीय," दिलीप म्हणाला. इंजिनियर आहे ना, साधी गोष्ट सांगतच नाही. "वारा अडू नये, घसरून जावा, म्हणून."

"वारा घसरतोय ते ठीक. माझ्या कुरडया का घसरतात? आणि मग त्या रेड्याला वारा अडत नाही?"

"अडतो. म्हणून तर तो इतकं पेट्रोल पितो."

हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

"मग फाळका खाली सोडून चालवावा की. वारा आरपार जाईल."

"सगळ्यांना तसंच वाटतं. पण उलटं असतं. वारा टपावरून मागे उडी मारतो आणि हौद्यात भोवरा करून बसतो. मागून येणारा वारा त्या भोवऱ्याच्या पाठीवरून निघून जातो. फाळका पाडलास की भोवरा मोडतो, मग ओढ वाढते. केबिनच्या पाठीला तेवढं शांत असतं."

"दिलीप, चाळीस वर्षं मी खळ्यावर उफणणी केलीय. वाऱ्याने दाणा कुठे टाकायचा आणि भुसा कुठे, हे मी ठरवत होते. तू मला वारा शिकवू नकोस."

तो गप्प बसला. आमच्या घरात शहाणी माणसं गप्प बसतात, म्हणून तर हे किस्से होतात.

शनिवार उजाडला. लख्ख ऊन. खिडकीतून बघते तर शांताबाईंनी हौद्यात कुरडया घातल्या आणि त्या आत गेल्या. निम्माच हौदा भरला होता. निम्मा मोकळा. तापलेला. काळाभोर.

विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या का? मुळीच नाही. पण विचारायचं म्हणजे रेड्याला नमस्कार करायचा. ते माझ्याने होईना. मनाशी म्हटलं, दुपारपर्यंत वाळतील, त्या जेवून लवंडतील तेव्हा गुपचूप उचलून आणू. ऊन काय त्यांच्या जावयाचं आहे?

दिलीप-वैशाली बाजाराला गेले होते. मी स्टूल घेतलं, ह्यांचं जुनं धोतर घेतलं, रात्री पंख्याखाली अर्ध्या वाळलेल्या कुरडयांची परात घेतली आणि निघाले. फाळक्याची कडी ओढली तर तो धाडकन माझ्यापुढे आडवा झाला, माजघरातल्या फळीएवढा रुंद. मला तर आवडलाच. हौद्यात धोतर अंथरलं, त्याचं टोक फाळक्यावर आणलं आणि माझ्या कुरडया मांडत सुटले. जागा कमी पडली. मग शांताबाईंच्या कुरडया पातळासकट जरा पुढे सरकवल्या. जरा म्हणजे, पार केबिनच्या पाठीला टेकवल्या. म्हटलं बसा तिथे सावलीत.

खोटं कशाला बोलू, सावली बघूनच सरकवल्या.

घरी आले, चहा टाकला. चहाला उकळी येतेय तोच भुर्रर्र.

खिडकीत धावले. रेडा हलला होता. रोहनला काहीतरी आणायला जायचं असेल, तो सरळ पुढून चढला आणि निघाला. हौदा इतका उंच, मागे काय आहे ते त्याला बघायची सवयच नाही. मी तशीच रिकामी परात उचलून, पायात वैशालीच्या सपाता अडकवून बाहेर.

"रोहन, अरे थांब! रोहन!"

काचा बंद, आत गाणी. वसाहतीच्या वळणावर गतिरोधक होता. त्यावरून ट्रकने ढुंगण उडवलं आणि माझी पहिली खेप रस्त्यावर. मग सरळ रस्ता लागला, त्याने वेग घेतला, आणि वारा आला.

बायांनो, मी आयुष्यभर उफणणी केली, पण अशी नाही बघितली. धोतर उठलं, शीड व्हावं तसं फुगलं, आणि कुरडया आकाशात. डावीकडे, उजवीकडे, लोकांच्या हिरवळीवर, टपालाच्या पेट्यांवर. धोतर जाऊन तलावाच्या कुंपणावर बसलं. तलावात तर पंधरा-वीस पडल्या असतील. एक गोरी बाई कडेला पाय सोडून बसली होती. तिने एक उचलली, उलटसुलट केली, वास घेतला आणि शेजारणीला दाखवली. दोघी पाण्याबाहेर येऊन उभ्या राहिल्या.

मी रस्त्याच्या मधोमध, परात छातीशी धरून.

दहा मिनिटांत रोहन परत आला. तोवर शांताबाई, त्यांची लेक, मीना आणि निम्मी वसाहत जमा. रोहनने खाली उतरून फाळका बघितला आणि बिचाऱ्याचा चेहराच पडला. सासूला तो आईच म्हणतो.

"आई, आय एम सो सॉरी. मीच टेलगेट ओपन ठेवला असेल."

"अरे, पण बघत नाहीस का तू?" शांताबाई कडाडल्या. "तीन दिवसांची मेहनत हाये ते! लग्नाच्या होत्या."

"माय फॉल्ट, आई."

आता बोलायची वेळ माझी होती ना? आणि मी बोलले. काय बोलले? "आजकालच्या मुलांचं लक्षच नसतं," असं बोलले. वर मान हलवली. आज आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

तेवढ्यात रोहन हौद्यात डोकावला. "वेट. आई, तुझं सगळं इथेच आहे."

खरंच. केबिनच्या पाठीला, मी सावलीत ढकललेल्या, शांताबाईंच्या कुरडया जशाच्या तशा. जणू देवाच्या मांडीवर. एकीलाही तडा नाही. दिलीपचा तो शांत कोपरा.

"मग या रस्त्यावरच्या कोणाच्या?" मीनाने विचारलं.

शांताबाईंनी वाकून हिरवळीवरची एक उचलली. चष्मा वर केला, डोळ्यापाशी धरली. बोटाने वेढा गिरवला. एकदा, दोनदा. मग त्यांनी माझ्या हातातल्या रिकाम्या परातीकडे पाहिलं.

"अनसूयाबाई, हजारात ओळखू येते म्हणत होत्या न तुम्ही?"

"हो."

"येते जी. खरंच येते."

मी म्हटलं, "रोहन, बाळा, फाळका मी उघडला. तुझी काही चूक नाही." एवढंच म्हटलं आणि जमीन दुभंगायची वाट बघत राहिले. अमेरिकेची जमीन, आपल्यासाठी कशाला दुभंगते?

शांताबाईंनी हातातली कुरडई माझ्या परातीत टाकली. मग अशा हसायला लागल्या की त्यांना ट्रकचं चाक धरावं लागलं. "मांगायचं होतं न बाप्पा! मी सोताच तुम्हाला हौद्यात चढवून दिलं असतं."

संध्याकाळी दिलीप आला. त्याला सगळं कळलेलं होतं. त्याने फक्त एवढंच विचारलं, "आई, दाणा कुठे पडला आणि भुसा कुठे?"

रुखवताचं ताट अर्थात शांताबाईंचं गेलं. आणि लग्नाच्या दिवशी काय झालं माहितेय? त्यांनी मला घ्यायला ट्रक दारात लावला. रोहनने स्टूल ठेवलं, हात धरला आणि मला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. शांताबाई आतल्याच मागच्या सीटवर बसल्या आणि ताट माझ्या मांडीवर ठेवलं, "तुम्ही पकडा, वाऱ्याचं तुम्हाला कळते," म्हणून. काय सांगू तो रुबाब. खालून आमची साबणाची वडी चालली होती, तिच्यातून वैशाली मान वर करून मला शोधत होती. मी अंबारीतून करावा तसा हात केला. सगळा राग गेला. तिथल्या तिथे नवा मत्सर सुरू झाला, की ही जागा शांताबाईंना रोज मिळते.

हॉलवर उतरले तर वराकडची एक बाई पुढे आली. माझ्या हातात ताट बघून म्हणाली, "आजी, काय सुरेख पांढऱ्या आहेत हो. तुमच्या हातच्या ना?"

मी मागे पाहिलं. शांताबाई ओठ दाबून उभ्या.

"नाही हो," मी म्हटलं, "माझ्या हातच्या बघायच्या तर पोहायला यावं लागतं."