अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

देव आहे की नाही, असा प्रश्न मला जन्मात कधी पडला नाही. तो आमचं ऐकतो की नुसताच बसून असतो, हा प्रश्न मात्र ह्यांच्या आजारपणात पडला, आणि चांगला जोरात पडला.

आमचं गाव कणकवलीपासून आत, काजूच्या बागांमधलं. माझे यजमान ग्रामदैवताच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. कुणाचं लग्न ठरत नसतं, कुणाची म्हैस हरवलेली असते. माणूस नारळ घेऊन येतो, हे देवापुढे उभे राहून त्याचं मागणं खणखणीत आवाजात सांगतात आणि जमलेली मंडळी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. ती साथ मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं झालं असं आमच्याकडे कुणी मानत नाही. अशा माणसाची आधी झोप गेली, मग जेवण आणि शेवटी शब्द. दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. गावभरासाठी मागणाऱ्या माणसाला स्वतःसाठी पाण्याचा तांब्यासुद्धा मागता येईना. मला देवाचा राग आला होता, तो मी लपवलाही नाही.

औषधं बदलून झाली. शेवटी ह्यांना रुग्णालयात दाखल केलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता शॉकचे उपचार द्यायला हवेत. हे खात नाहीत, आणखी वाट बघितली तर जिवाला धोका आहे." शॉक म्हटल्यावर सिनेमात पाहिलेलं सगळं डोळ्यांपुढे आलं. बाईंनी न कंटाळता समजावलं, की आधी भूल देतात, अंग सैल पडायचं औषध देतात, माणसाला काही कळत नाही. आठवणी मात्र थोड्याफार पुसल्या जातात. मी सही केली.

पहिल्या उपचाराच्या सकाळी पोट रिकामं ठेवायचं होतं. खात नसलेल्या माणसाला उपाशी ठेवायचं म्हणजे काय अवघड, असं मी मनात म्हटलं. गावाहून आलेला देवाचा प्रसाद माझ्या पिशवीत होता. ह्यांच्या कपाळाला अंगारा लावला आणि खोबऱ्याची पुडी परत बांधायला घेतली, तेवढ्यात ह्यांनी हात पुढे केला. कित्येक दिवसांत ह्या माणसाने कशासाठीच हात पुढे केला नव्हता. मला सगळं समजत होतं, तरी तो हात रिकामा परत पाठवणं माझ्याच्याने झालं नाही. ह्यांनी खोबरं सावकाश चावून खाल्लं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी लगेच सांगितलं. ते म्हणाले, "मग आज नाही. पोटात अन्न असताना भूल देता येत नाही."

बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसले आणि रडू आलं. देवा, तुझ्याच प्रसादाने तू आडवा आलास, असं वाटलं. मग काय सुचलं कोण जाणे, जे बायका आमच्याकडे सहसा करत नाहीत ते केलं. हात जोडले आणि हळू आवाजात म्हटलं, "बा देवा म्हाराजा, जो गावासाठी तुझ्याकडे मागता, तोच आज मुको झालो हा. तेका बरो कर रे म्हाराजा. आणि..." पुढचं मला येईना.

"व्हय म्हाराजा," मागून कुणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं. मालवणकडची मासे विकणारी एक बाई होती, तिची लेक त्याच विभागात दाखल होती. माझ्या शेजारी येऊन बसली. "घोवाक हाडलंस?" तिने विचारलं. होय, नवऱ्यालाच आणलंय, अशी मी मान हलवली. म्हटलं, गाऱ्हाणं माझं अर्धंच राहिलं. ती म्हणाली, "अर्धा रवला तरी चलात गो. व्हय म्हाराजा म्हणूक कोण तरी व्हया." एवढं बोलून ती लेकीकडे निघून गेली.

दिवस मोकळा मिळाला म्हणून डॉक्टरीणबाईंनी ह्यांचं रक्त पुन्हा तपासायला पाठवलं होतं. आधीचा रिपोर्ट चांगला होता. संध्याकाळी त्या स्वतः आल्या. "रक्तातलं पोटॅशियम फार उतरलंय. इतके दिवस पोटात धड अन्न नाही, त्याचा परिणाम. आज भूल दिली असती तर हृदयाचे ठोके बिघडायची भीती होती. थांबलो ते बरं झालं." मी पिशवीतल्या पुडीवर नुसता हात ठेवला.

सलाइनमधून पोटॅशियम भरून काढलं, रक्त सुधारलं आणि मग उपचार सुरू झाले. मधूनमधून रक्त घेत, तेव्हा मी बाईंना विचारलं, की डोक्याला दिलेला झटका रक्तात कसा दिसतो? त्या म्हणाल्या, झटक्यानंतर काही संप्रेरकं एकदम वाढतात आणि थोड्या वेळाने उतरतात. मेंदूच्या पेशींना बळ देणारं एक प्रथिन काहींच्या रक्तात वाढलेलं सापडतं, काहींच्या नाही. "मग माणूस बरा नेमका कशाने होतो?" मी विचारलं. त्या हसल्या. "ते अजून पूर्ण कळलेलं नाही. बरा होतो, हे मात्र दिसतं." एवढ्या शिकलेल्या बाई, पण 'माहीत नाही' म्हणताना त्यांचा आवाज जराही खाली गेला नाही. त्या दिवसापासून त्यांच्याविषयी माझ्या मनात जो आदर आहे, तो देवळात उभं राहिल्यावर वाटतो तसलाच आहे.

एका सकाळी, उपचारानंतर गुंगी उतरली तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पेज आसा काय गो?" मी वाटी आणायला इतकी धावले की चप्पल तिथेच राहिली.

घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी हे देवळात उभे राहिले. कुणाच्या तरी नातीच्या बारशाचा नारळ होता. आवाज तोच, खणखणीत. पण मध्येच थांबले. पुढचे शब्द पुसले गेले होते. जन्मभर तोंडपाठ असलेलं गाऱ्हाणं अर्ध्यात अडलं. हे गोंधळून इकडेतिकडे बघू लागले, साथ द्यायला कुणी पुढे होईना. मला त्या व्हरांड्यातल्या बाईची आठवण आली. कुठे असेल ती, तिच्या लेकीचं काय झालं असेल, मला ठाऊक नाही. तिचंही भलं कर, एवढं मनात म्हटलं आणि बायकांच्या बाजूने मोठ्याने ओरडले, "व्हय म्हाराजा."

मग सगळं देऊळ म्हणालं, "व्हय म्हाराजा." ह्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, हसले आणि अर्ध्यावर राहिलेल्या गाऱ्हाण्याचा नारळ तसाच देवापुढे ठेवला.